बिनकामाची ओळ

"माझा प्रोग्राम? एकतीस वर्षं झाली, एकदा शिंकलासुद्धा नाही!"

हे मामांचं लाडकं वाक्य. आणि खोटं नाही हं! धरणाचे दरवाजे किती उघडायचे, हे काढणारा प्रोग्राम त्यांनी तरुणपणी एकट्याने लिहिला. मामा निवृत्त झाले, प्रोग्राम नाही झाला! आता त्याच ऑफिसात त्यांची भाची इंजिनीअर. त्या दुपारी ती लॅपटॉप घेऊन मामांच्या घरी आली तीच धापा टाकत.

"मामा, पाचला साहेबांचा फोन येणार. नव्या मशीनवर तुझा प्रोग्राम नीट चालतोय असं पटलं तर ठेवणार, नाहीतर मोडीत! बाहेरून दुसरा आणणार."

मामांचा चेहरा उतरला. "का? चुकतोय?"

"नाही रे, बरोबर आहे. पण मध्येच ही ओळ बघ. दर फेरीला स्क्रीनवर एक आकडा छापते, बस्स. ही कशाला, ते साहेब विचारणारच."

मामा हसले. कसे? पाठ केलेलाच प्रश्न पेपरात आलेल्या पोरासारखे! "अगं, तपासायला टाकली असेल तेव्हा. बिनकामाची आहे. सरक, काढतो!"

काढली. चालवला. उत्तर आलं, दरवाजे उणे चाळीस फूट उघडा!

उणे! म्हणजे काय, नदीने उलटं चालत धरणात परत जायचं?

"मामा, टाक ती ओळ परत."

"छे! एक छापायची ओळ काढून गणित बदलतं होय? दोष दुसरीकडेच आहे."

मग मामांनी वरच्या पाच ओळी बदलल्या, खालच्या सात बदलल्या, आणि शेवटी दशांशना फोन केला. दशांश म्हणजे मामांचे ऑफिसातले जुने जोडीदार. वय विचारलं तर अडुसष्ट पूर्णांक पंचवीस शतांश सांगणारा माणूस! ते आले, माळ्यावरून काढलेला जुन्या कागदांचा गठ्ठा बगलेत. खुर्ची बुटकी वाटली म्हणून गठ्ठा खाली ठेवून त्यावरच बसले.

"लेका, तुझी आकडेमोड पहिल्यापासून ढिसाळ!"

"आणि तू चहाचे घोट मोजणारा!"

दोघांची बोटं एकाच कीबोर्डवर. चार वीसला स्क्रीनवर अख्खं धरण तीन सेकंदांत रिकामं झालं.

"थांबा!" भाची ओरडली. "हात लावायच्या आधी प्रत ठेवलीत ना?"

आयुष्यभर प्रत्येक नवशिक्याला या दोघांनी एकच धडा दिला होता, आधी प्रत, मग हात! आता दोघं छताकडे बघत होते.

"ऑफिसातली प्रत कुलपात आहे," भाची रडकुंडीला आली. "जाऊन यायलाच दोन तास!"

एवढ्यात मामी म्हणाली, "अहो, तुमचे मित्र बसलेत कशावर?"

दशांश उठले. मूळ प्रोग्राम! कागदावर छापलेला, पिवळा पडलेला, पण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत!

मामी वाचतेय, भाची टाइप करतेय, दशांश प्रत्येक टिंब मोजतायत. आणि त्या ओळीशी आल्यावर मामी अडखळली. "समासात पेन्सिलीने लिहिलंय. 'ही ओळ काढली की उत्तर चुकतं. का? उद्या बघू.' अहो, हे तुमचंच अक्षर!"

मामांनी कागद हातात घेतला. त्यांना काही, काहीसुद्धा आठवेना.

चार अठ्ठावन्नला बरोबर उत्तर आलं. पाचला फोन. "ती छापायची ओळ कशाला?" साहेबांनी विचारलंच!

"सुरक्षेसाठी म्हण," दशांश कुजबुजले.

मामांच्या जिभेवर तीन झकास कारणं तयार होती. पण समोर भाची पेन घेऊन बसलेली. मामा बोलतील ते ती तसंच लिहिणार, खाली स्वतःची सही करणार.

"माहीत नाही, साहेब," मामा म्हणाले. "लिहिलं तेव्हाही माहीत नव्हतं."

भाचीने डोळे मिटून घेतले.

"बरं झालं बोललात," साहेब म्हणाले. "इथे पाच जणांना विचारलं, पाच कारणं मिळाली. राहू दे प्रोग्राम. पण खरं कारण सापडेपर्यंत दर मंगळवारी येऊन बसायचं!"

मामा जायला लागले. कारण तिसऱ्याच मंगळवारी सापडलं, तेही भाचीला! एक आकडा सुरुवातीला शून्य करायचा राहून गेला होता, आणि ती छापायची ओळ असली की तिथे योगायोगाने शून्यच पडायचं. तिने दुरुस्त केलं, रीतसर कळवलंसुद्धा. मामांनी डबा आवरला, सगळ्यांना "येतो" म्हटलं.

पण पुढच्या मंगळवारी साहेबांचाच फोन. म्हणे, तुमच्या टेबलाशी ऑफिसातली नवी पोरं शंका घेऊन ताटकळलीयत, या लवकर!

मामा गेले तर नवी खुर्ची. हातांची, गुबगुबीत! मामांचा ऊर भरून आला. मग त्यांनी टेबलावर नजर टाकली, ड्रॉवर उघडला, खालीसुद्धा वाकून पाहिलं.

"कीबोर्ड कुठाय?"

भाची म्हणाली, "साहेब म्हणाले, मामांना लागेल ते द्या. तेवढा सोडून."