दुकानात काय, कुणालाही मिळतं

दुकानात जाऊन वस्तू विकत घेणे हा ज्याला जगात कुणी नाही त्याने करायचा व्यवहार आहे. सर्बियातल्या कालेनोवाच या गावात हे तत्त्व लेखी स्वरूपात कुठेही नाही, आणि म्हणूनच ते आजवर कुणी मोडलेले नाही. (लेखी नियमांची तिथे काय गत होते, हे नगरपालिकेसमोरच्या 'येथे वाहने लावू नयेत' या पाटीवरून कळेल. पाटी दिसत नसेल तर ट्रकच्या मागे पाहावे.)

इथे प्रत्येकाचा एक माणूस असतो. दात काढायला माणूस असतो, दाखला काढायला माणूस असतो, चांगल्या टोमॅटोसाठी असतो आणि दफनभूमीत झाडाखालची जागा मिळवायलाही असतो. गेल्या शिरगणतीत गावाची लोकसंख्या सहा हजार दोनशे चौदा भरली. त्यापैकी कुणाचा ना कुणाचा 'माणूस' असलेले निघाले सहा हजार एकशे नव्वद. उरलेल्या चोविसांत तेवीस तान्ही बाळे होती आणि चोविसावा सायकलवाला बोरिवोये. बोरिवोयेचे भर चौकात दुकान होते, दुकानाला काच होती, काचेमागे माल होता आणि मालावर किमतीची चिठ्ठी होती. अशा उघड्यावर बसलेल्या माणसाला कुणी आपला माणूस कसा म्हणणार?

व्लास्तिमीर हा या व्यवस्थेचा आदर्श नागरिक होता. सिमेंट कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षे काढून तो निवृत्त झाला होता, आणि स्वतःच्या नेहमीच्या वापरातली एकही वस्तू त्याने दुकानातून आणलेली नव्हती. त्याच्या बायकोचे, देसांकाचे, गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. तिची धाकटी बहीण ल्यूबिंका तीन किलोमीटरच्या खड्या चढावर, वरच्या वाडीत राहायची. वर जाणारी बस मार्चमध्ये बंद करण्यात आली, कारण तीत प्रवासी बसत नाहीत असे पाहणीत आढळले. (पाहणी रविवारी झाली. रविवारी बस नसते.) टॅक्सीवाले त्या रस्त्यावर गाडी घालत नाहीत.

आठ नोव्हेंबरला ल्यूबिंकाच्या घरच्या संताचा दिवस असतो. त्या दिवशी दार उघडे ठेवतात, फादर येऊन सणाची पोळी (म्हणजे जाडजूड गोल पाव) कापतात, आणि जो येतो तो जेवतो. देसांका एकेचाळीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. या वर्षी चुकणार, हे लक्षात आल्यावर ती मे महिन्यातच रडली. व्लास्तिमीरला बायकोचे रडणे अजिबात सहन होत नसे. तो म्हणाला, "रडू नकोस. मी तुला राणीसारखी बसवून नेईन."

त्याने तिचाकी सायकल बांधायला घेतली. पुढे दोन चाके, त्यांच्यावर गादीचा बाक, मागे एक चाक आणि चालवणारा. सांगाडा एका माणसाकडून मिळाला, गादी दुसऱ्याकडून, बॅटरी जावयाच्या माणसाकडून. सत्तर किलो बटाटे बाकावर ठेवून चाचणी घेतली, तेव्हा गाडी पहिल्या वळणापर्यंत गेली आणि तिथे व्लास्तिमीर रस्त्याच्या कडेला आडवा झाला. यावरून मोटर लागणार हे सिद्ध झाले. हब मोटर म्हणजे चाकाच्या तुंब्यातच बसणारी मोटर. सव्वीस इंची चाकाची, छत्तीस आऱ्यांची.

बोरिवोयेच्या काचेमागे अशा तीन मोटरी दोन वर्षे पडून होत्या.

"दुकानात आहे की," देसांका म्हणाली.

व्लास्तिमीरने तिच्याकडे दयेने पाहिले. "दुकानात काय, कुणालाही मिळतं."

शिवाय ज्या वस्तूला दोन वर्षांत एकाही माणसाची गरज पडली नाही, तिच्यात काहीतरी खोट असणारच, असा गावाचा तर्क होता, आणि तो तर्काच्या सर्व कसोट्यांवर उतरतो.

तेव्हा व्लास्तिमीर शेजारच्या मिलूटिनकडे गेला. अशा कामाची एक रीत आहे. पहिल्या कॉफीला हवेबद्दल बोलायचे, दुसऱ्या कॉफीला कुणाच्या तरी आजाराबद्दल, आणि निघताना, दाराच्या कडीवर हात ठेवून, सहज आठवल्यासारखे काम सांगायचे. ऐकणाऱ्याने लगेच होकार देऊ नये. त्याने खिडकीबाहेर पाहावे आणि क्रमाने तीन वाक्ये बोलावीत: "अवघड आहे." "बघतो." "कुणाला सांगू नका." तिसरे वाक्य उच्चारल्यापासून साधारण दोन तासांत बातमी गावभर होते, आणि कामाला गती येते.

मिलूटिनने तिन्ही वाक्ये बिनचूक म्हटली, व्लास्तिमीरने आणलेली अर्धा किलो कॉफी ठेवून घेतली आणि पोस्टातल्या आपल्या व्याह्याला सांगितले. व्याह्याने दाताच्या डॉक्टरला सांगितले, डॉक्टरने दाढ उपटता उपटता वनरक्षकाला सांगितले (वनरक्षकाला तेव्हा नाही म्हणता येत नव्हते), आणि अशा रीतीने काम मार्गी लागले. जुलै गेला. ऑगस्टमध्ये व्लास्तिमीरने आणखी चौघांना सांगून ठेवले. सप्टेंबरात कळले की काम 'जवळजवळ झाले' आहे. ही या व्यवस्थेतली सर्वांत लांब पायरी असते.

दरम्यान एक भाषिक अपघात झाला. गावात व्लास्तिमीर आणि हब मोटर हे शब्द इतक्या वेळा एकत्र बोलले गेले, की मधले सगळे झिजून गेले. 'व्लास्तिमीरला मोटर हवी' याचे 'व्लास्तिमीरला मोटर' झाले, आणि एका सकाळी पोस्टाच्या रांगेत 'ला' जाऊन 'कडे' आले. त्यांच्या भाषेत सात विभक्ती आहेत, त्यामुळे घसरायला सात जागा होत्या. संध्याकाळी दाताचे डॉक्टर कॉफी घेऊन व्लास्तिमीरच्या दारात उभे.

हवा झाली, आजार झाले. मग कडीवर हात ठेवून डॉक्टर म्हणाले, "शेजारी, ऐकतो की मोटरींसाठी तुमच्याकडे माणूस आहे."

आता व्लास्तिमीरने काय करावे? कालेनोवाचमध्ये 'माझ्याकडे माणूस नाही' असे म्हणणे हे भर चौकात विजार काढण्यापेक्षा लाजिरवाणे आहे. (विजारीचा प्रसंग घडला आहे. त्या गृहस्थांना दुसरी विजार एका माणसाने मिळवून दिली.) व्लास्तिमीरने खिडकीबाहेर पाहिले आणि तिन्ही वाक्ये म्हटली. चौतीस वर्षे वजनकाट्यावर बसलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा आपले वजन जाणवले, आणि त्याला ते फार आवडले.

महिन्याभरात चौदा जण आले. त्याने वही केली. नवव्या क्रमांकाची विनंती पोस्टातल्या व्याह्याने आणली: कुणी एक गरीब म्हातारा आहे, त्याच्या बायकोचे दोन्ही पाय गेले, तिला मरणापूर्वी एकदा बहिणीला भेटायचे आहे, चाक छत्तीस इंची आणि आरे सव्वीस. व्लास्तिमीरचा जीव गलबलला. असे दुःख आपल्या गावात असावे आणि आपल्याला पत्ता नसावा, याची त्याला लाज वाटली. त्याने त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या आणि त्याच दुपारी म्हाताऱ्याचे काम मिलूटिनला सांगितले. मिलूटिनने व्याह्याला सांगितले.

पण माणूस म्हणून बसायचे तर कधीतरी मोटर द्यावी लागते. शेवटी व्लास्तिमीर बोरिवोयेच्या मागच्या दाराशी गेला. (स्वतःसाठी गेला असता तर ती खरेदी झाली असती. दुसऱ्यासाठी गेला, त्यामुळे ते शब्द टाकणे झाले.) त्याने मोटरी काचेतून काढायला लावल्या, पुढे 'माल संपला' अशी पाटी लावायला लावली, आणि कुणी विचारलेच तर माझ्याकडे पाठव, म्हणून सांगितले. दोन वर्षे न खपलेल्या तीन मोटरी मागच्या दाराने, पिठाच्या पोत्यात गुंडाळून, तीन दिवसांत गेल्या. पहिली डॉक्टरांना, दुसरी वनरक्षकाला, तिसरी फादर गाव्रिलोंना. बोरिवोयेच्या डोळ्यांत पाणी आले. तोही आता कुणाचा तरी माणूस झाला होता. पुढचा माल वसंतात येणार होता.

"आणि आपली?" देसांकाने विचारले.

"रांग आहे," व्लास्तिमीर म्हणाला. "मी मध्ये घुसलो तर लोक काय म्हणतील?"

तीन नोव्हेंबरला देसांकाने पर्स घेतली, काठी घेतली आणि ती स्वतः दुकानात गेली. काच रिकामी होती. बोरिवोये तिला तीस वर्षे ओळखत होता, पण ओळख वेगळी आणि रीत वेगळी. त्याने पाटीकडे बोट दाखवले. मग रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहून हळूच म्हणाला, "एक माणूस आहे, ताई. अवघड आहे, पण करेल तो. कुणाला सांगू नका." आणि त्याने एका चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला. पत्ता तिच्याच घराचा होता.

तिला इतका संताप आला की गुडघा दुखायचा थांबला. वाटेत तिने अर्धा किलो कॉफी घेतली. घरी येऊन पुडा नवऱ्यापुढे ठेवला आणि ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला बसली.

"हे काय?"

"मोटर हवी होती. सव्वीस इंची, छत्तीस आरे. आठ तारखेच्या आत."

व्लास्तिमीरची मान सवयीने खिडकीकडे वळली. "अवघड आहे," तो म्हणाला. मग त्याने तिच्याकडे पाहिले. एकेचाळीस वर्षे ज्या चेहऱ्यासमोर तो बसला होता, तो चेहरा शांत होता, आणि त्याला पहिल्यांदाच भीती वाटली. तरी तोंडून निघून गेलेच. "बघतो."

"कुणाला सांगणार नाही," देसांका म्हणाली आणि उठली.

आठ तारखेला सकाळी व्लास्तिमीरने तिला गादीच्या बाकावर बसवले, पायांवर पांघरूण घातले आणि मागच्या बाजूला मोटर म्हणून स्वतःला जुंपले. सदर मोटरीचे वय सदुसष्ट, आवाज फार, शक्ती बेताची. पहिल्या वळणाशी तिने दम टाकला. तेवढ्यात पाठीमागून सूं असा आवाज आला आणि फादर गाव्रिलो ल्यूबिंकाकडे पोळी कापायला निघालेले दिसले. त्यांचा झगा वाऱ्यावर उडत होता आणि ते पॅडल मारत नव्हते. ते थांबले. त्यांनी व्लास्तिमीरला मिठी मारली आणि म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस या गावात दुसरा नाही." मग दोरीने तिचाकी आपल्या सायकलला बांधून देसांकाला ओढत वर घेऊन गेले. व्लास्तिमीर रस्त्यावर उभा राहून हात हलवत राहिला. तिने वळून पाहिले नाही.

बहिणी दारात एकमेकींच्या गळ्यात पडून खूप रडल्या. मग ल्यूबिंकाने तिला खिडकीपाशी बसवले, पुढे प्रसादाच्या गोड गव्हाची वाटी ठेवली, आणि घराबाहेर उभी असलेली फादरांची सायकल न्याहाळत, दाराच्या कडीवर हात ठेवून, सहज आठवल्यासारखी म्हणाली, "देसा, तुझ्या नवऱ्याकडे म्हणे माणूस आहे. आम्हालाही एक मोटर मिळाली असती तर मीच आले असते गं खाली, दर रविवारी."

देसांकाने खिडकीबाहेर पाहिले. खाली, तिसऱ्या वळणावर, कमरेत वाकलेला एक गृहस्थ झाडाला धरून श्वास घेत होता.

"अवघड आहे," ती म्हणाली. "पण बघते."

वाचकहो, तुम्ही हसत असाल तर हरकत नाही. पण ही गोष्ट वाचताना केव्हातरी एक नाव तुमच्या मनात येऊन गेले आहे. व्लास्तिमीरने या एका माणसाला गाठले असते तर आठवड्यात काम झाले असते, असे तुम्हाला वाटले आहे. ते नाव कृपया मला कळवावे. मलाही एक मोटर हवी आहे, सव्वीस इंची, छत्तीस आऱ्यांची. दुकानाचा पत्ता मात्र पाठवू नये. तो कुणालाही मिळतो.