मिठाला जागलेला रानडुक्कर

आजचं जंगल जरा लांब आहे, बाळांनो. ते जर्मनीत आहे. त्यामुळे तिथे झाडं रांगेत उभी असतात, ओढे वेळेवर वाहतात आणि लांडगासुद्धा ससा खायचा झाला तर आधी वेळ ठरवून जातो. घाबरू नका. या गोष्टीत कोणी कोणाला खात नाही. या गोष्टीत सगळे फुटबॉल खेळतात.

त्या जंगलात प्रत्येक वस्तीचा एक संघ होता. पूर्वी हरणांच्या संघात हरणं खेळायची आणि सशांच्या संघात ससे. मग खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू झाली. आता हरणांच्या संघात दोन कोल्हे होते, एक बोका होता आणि कुठूनसा आलेला एक शहामृग होता. बघायला मात्र हरणंच जमायची, आणि शहामृगाकडे बघून "आपली पोरं काय पळतात" म्हणायची.

जंगलाच्या टोकाला एक डबकं होतं. डबक्याकाठी विनफ्रीड नावाचा एक तरुण रानडुक्कर राहायचा. त्याची आई गेर्ट्रूडबाई त्याला विन्या म्हणायची.

विन्या डबक्याच्या संघात फॉरवर्ड होता. फॉरवर्ड म्हणजे काय, ते सांगतो. बाकीचे सगळे दीड तास धावतात, पडतात, धापा टाकतात. फॉरवर्ड गोलापाशी उभा असतो. चेंडू आला की आत ढकलतो. मग सगळे येऊन त्याच्याच अंगावर उड्या मारतात. अन्याय आहे, पण खेळ असाच आहे.

विन्याला देवानं लांब आणि टणक नाक दिलं होतं. चेंडू हवेतून आला की तो नाकाने असा काही ढकलायचा की गोलकीपर बघत राहायचा. आयुष्यातला पहिला गोल त्याने डबक्याच्या मैदानावर केला, खारींच्या संघाविरुद्ध. आनंद झाला की रानडुक्कर काय करतो? चिखलात लोळतो. विन्या तिथेच आडवा झाला आणि चारही पाय वर करून मनसोक्त लोळला.

मागच्या रांगेतून गेर्ट्रूडबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. रानडुकरांना लांबचं नीट दिसत नाही. गेर्ट्रूडबाईंना तर मागच्या रांगेतून ना चेंडू दिसायचा, ना गोलचे खांब. एक तपकिरी ढीग पाय वर करून लोळतोय, तेवढं दिसलं. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं की विन्याने गोल केला. तुम्ही म्हणाल, मग पुढे का नाही बसायच्या? कारण मागच्या रांगेतली ती जागा त्यांच्या नावाची होती. जर्मनीतल्या जंगलात ठरलेली जागा बदलत नाहीत.

त्याच दिवशी झाडावर एक सुतारपक्षी बसला होता. त्याचं नाव श्पेक्टराव. एका संघातला खेळाडू दुसऱ्या संघाच्या गळ्यात मारणं हा त्याचा धंदा. दिवसभर तो याच्या-त्याच्या दारावर चोच आपटत फिरायचा. दार उघडेपर्यंत आपटायचा, आणि बरेच जण आवाज बंद व्हावा म्हणूनच खेळाडू विकत घ्यायचे.

"पोरा, डबक्यात काय पडून राहिलायस?" श्पेक्टराव म्हणाला. "हरणांकडे चल. तिथे गवतसुद्धा मोजून कापतात."

विन्या गेला. आणि बघा कशी वेळ येते ती, हरणांकडून त्याचा पहिलाच सामना डबक्याविरुद्ध होता आणि डबक्याच्याच मैदानावर होता. आई मागच्या रांगेत बसली होती. विन्याने नाकाने झकास गोल केला. तो लोळायला खाली वाकला, तोच हरणांचा कप्तान धावत आला.

"अरे, काय करतोस?" कप्तान म्हणाला. "मीठ खाल्लंयस ना त्यांचं?"

"कोणाचं?"

"डबक्याचं. जुन्या संघाविरुद्ध गोल केला तर आनंद करायचा नसतो. मान खाली घाल. पुढचे पाय वर कर. तोंड पाड. आणखी पाड."

हा त्या जंगलाचा नियम होता. खाल्ल्या मिठाला जागावं, असं नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं होतं आणि ते पुस्तक सामन्यांचा पंच असलेल्या घुबडाच्या ताब्यात होतं. जुन्या संघाचा पराभव करायला काहीच हरकत नव्हती. तो करताना वाईट वाटतंय असं दिसलं पाहिजे, एवढीच अट होती.

विन्या सज्जन होता. त्याने मान खाली घातली. गोल पाहुण्यांनी केलेला, म्हणून डबक्याकाठचं सगळं पब्लिक गप्प बसलं. गेर्ट्रूडबाईंना दिसलं ते एवढंच, की आपला विन्या मान खाली घालून उभा आहे आणि कोणी काही बोलत नाही.

सामना संपल्यावर त्या बाहेर थांबल्या होत्या.

"आई, गोल केला मी," विन्या म्हणाला.

"कोणी?"

"मी. मीच केला."

"मग लोळला का नाहीस?"

"लोळायचं नसतं गं. इथलं मीठ खाल्लंय ना."

"बरं," गेर्ट्रूडबाई म्हणाल्या. आई ज्या आवाजात बरं म्हणते आणि तिला ते बरं वाटलेलं नसतं, त्या आवाजात. "नाही झाला तर नाही झाला, राजा. आईशी कशाला खोटं बोलायचं? पुढच्या खेपेला होईल."

पुढच्या खेपेलाही झाला. त्याच्या पुढच्या खेपेलाही झाला. श्पेक्टराव दर वर्षी नव्या दारावर चोच आपटत होता. विन्या हरणांकडून लांडग्यांकडे गेला, लांडग्यांकडून सशांकडे, सशांकडून राजहंसांकडे. त्याला डौलात पोहता येत नाही म्हणून त्यांनी त्याला वर्षभरासाठी खारींना उसना दिला. तो गोल करत राहिला. लांबच्या मैदानांवर तो मनसोक्त लोळायचा. पण गेर्ट्रूडबाईंचे गुडघे दुखायचे, त्यांना तिथवर चालवत नव्हतं. वर्षातून एकदा विन्या डबक्याकाठी खेळायला यायचा, गोल करायचा, आणि मान खाली घालून उभा राहायचा.

शेजारची बेडकीण गेर्ट्रूडबाईंना सांगायची, "तुमचा विनफ्रीड म्हणजे अख्ख्या जंगलात एक नंबर आहे हो."

"हो का," गेर्ट्रूडबाई म्हणायच्या, आणि विन्या घरी आला की त्याला सांगायच्या, "शेजार चांगला मिळालाय बाबा. मन राखतात माझं."

विन्याला याचं फार वाईट वाटायचं. लांडग्यांची पिल्लं झोपताना त्याचं नाव घ्यायची. सशांनी त्याच्या नाकाचा दगडी पुतळा उभारला होता, नुसत्या नाकाचा. सगळ्या जंगलाला ठाऊक होतं आणि एका आईला ठाऊक नव्हतं.

"मला घरी विक," तो श्पेक्टरावाला म्हणायचा.

"घरी कोणी तरुणपणी जातं का?" श्पेक्टराव म्हणायचा. "घरी जायचं ते गुडघे गेल्यावर."

गुडघेही यथावकाश गेले. श्पेक्टरावाने डबक्याच्या दारावर चोच आपटली आणि विन्या घरी आला. डबक्याकाठी मिरवणूक निघाली. विन्याला वाटलं, सुटलो एकदाचा. आता आपण डबक्याकडून खेळणार, डबक्याच्या मैदानावर, आई समोर. आता हवं तेवढं लोळावं.

पहिला सामना हरणांशी होता. विन्याने गोल केला, लोळायला वाकला आणि थांबला. हरणांचं मीठ खाल्लं होतं. त्याने मान खाली घातली. पुढचा सामना लांडग्यांशी, त्यांचंही मीठ खाल्लेलं. मग ससे आले, मग राजहंस आले. खारींकडे उसना म्हणून गेला होता, पण जेवला तर होताच. बाळांनो, ज्याने सगळ्या जंगलाचं मीठ खाल्लं, त्याने आनंद करायचा कुठे?

डबक्याचं पब्लिक आता ओरडायचं, नाचायचं. पण गोल कोणी केला हे सांगायचं काम कोकिळेकडे होतं. तिला एकच शब्द येत होता. ती तोच म्हणायची. गेर्ट्रूडबाईंना वाटायचं, गोल दुसऱ्याच कोणीतरी केला असणार, माझा तर बिचारा मान खाली घालून उभा आहे.

"विन्या," त्या एकदा जेवताना म्हणाल्या, "आता पुरे कर बाळा. गुडघे दुखतात तुझे. पहिल्या दिवशी केलास ना एक, तो आहे माझ्या डोळ्यापुढे. सगळ्यांनाच काही जमत नाही."

विन्याने ताट बाजूला सारलं. त्याने ठरवलं, खेळ सोडायच्या आधी आईसमोर एकदा लोळायचंच.

त्याने आठवून पाहिलं. पाणमांजरांच्या संघाकडून तो कधीच खेळला नव्हता. पाणमांजरं आली, विन्याने गोल केला आणि तो आनंदाने खाली बसला. एक कूस वळणार, एवढ्यात घुबडाने शिट्टी फुंकली.

"उठा," घुबड म्हणालं. "पाणमांजरांनी तुम्हाला विकत घेण्यासाठी बोलावलं होतं."

"बोलावलं होतं. गुडघा तपासला आणि परत पाठवलं."

"गुडघा तपासायच्या आधी उकडलेले बटाटे दिले होते."

"दिले होते."

"त्यात मीठ होतं?"

विन्या खोटं बोलू शकला असता. पण त्याचा जन्म त्या जंगलातला. "चिमूटभर होतं," तो म्हणाला, आणि उठून मान खाली घालून उभा राहिला.

त्याच्या शेवटच्या सामन्याला डोंगरावरची अस्वलं आली. ती नुकतीच या स्पर्धेत दाखल झाली होती. त्यांच्याकडे तो कधी खेळला नव्हता, राहिला नव्हता, जेवला नव्हता. अस्वलांनी येताना सगळ्यांसाठी मध आणला होता. विन्याने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मध गोड असतो हे त्याला ठाऊक होतं, पण घुबडाचा काय भरवसा?

सामना संपत आला तरी गोल होत नव्हता. मग बदकाने मैदानाच्या कडेने चेंडू उंच टाकला. विन्याने दुखऱ्या गुडघ्यांवर कशीबशी उडी घेतली आणि नाकाने चेंडू आत ढकलला.

आणि तो लोळला. असा लोळला की डबक्याचं पाणी वर आलं. एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर, चारही पाय आभाळाकडे करून तो लहान पिल्लासारखा लोळला. इतकी वर्षं मागे टाकलेले सगळे गोल तो एकदम लोळत होता. उठता येईना तरी लोळतच राहिला.

मागच्या रांगेत गेर्ट्रूडबाई ताडकन उभ्या राहिल्या. "माझा आहे तो," त्या बेडकिणीला म्हणाल्या. "तो लोळतोय ना, तो माझा." मग त्यांना तिथे थांबवेना. विन्यासाठी काहीतरी गोडधोड करायचं होतं, आळीत सांगायचं होतं. त्या गुडघेदुखी विसरून घराकडे निघाल्या.

इकडे घुबडाने पंख वर केला. गोल तपासून पाहायचा होता. गोल तपासायचं काम घुबडाकडे होतं, कारण नियमात 'डोळे मोठे असावेत' एवढंच लिहिलेलं होतं. घुबडाला दिवसा दिसत नाही, हे कोणी लिहिलं नव्हतं. घुबडाने पाहिलं. पुन्हा पाहिलं. डोळे चोळून पाहिलं. गेर्ट्रूडबाई आळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत ते पाहतच होतं.

"ऑफसाइड," शेवटी ते म्हणालं. "पाय अस्वलांच्या मागे होते. पण नाक पुढे होतं."

गोल रद्द झाला. सामना बरोबरीत सुटला. रद्द झालेल्या गोलाचा आनंद केला म्हणून विन्याला पिवळं कार्डही मिळालं.

विन्या मान खाली घालून घरी आला, आणि या वेळी ती आपोआप खाली गेली होती. दारात सगळी आळी जमली होती. गेर्ट्रूडबाई सगळ्यांना तोंड गोड करायला लावत होत्या. सामन्याहून परतलेल्या बेडकिणीला सगळं ठाऊक होतं, पण ती मुकाट्याने खात होती.

"आई," विन्या म्हणाला, "तो गोल..."

"पाहिला," गेर्ट्रूडबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने त्याच्या नाकावरचा चिखल पुसला. "सगळा पाहिला मी. मला ठाऊक होतं, एक ना एक दिवस तू करणार. तू उगाच एवढी वर्षं मनाला लावून घेतलंस आणि आईला थापा मारत बसलास."

विन्याने तोंड उघडलं. मग आईचा चेहरा पाहिला आणि त्याच तोंडात गोडाचा घास घेतला.

आजही तुम्ही त्या डबक्याकाठी गेलात, तर तिथली म्हातारी मंडळी विनफ्रीडबद्दल सांगतील. खेळायला बेताचाच होता, म्हणतील, पण आईच्या डोळ्यांदेखत शेवटच्या दिवशी एक गोल केला, तसा गोल पुन्हा झाला नाही. ही माहिती त्यांना गेर्ट्रूडबाईंनी दिली आहे, आणि ती खोडून काढायची डबक्याकाठी कोणाची छाती नाही.

तात्पर्य: बाळांनो, नम्रता हा फार मोठा गुण आहे. फक्त तो लांबून दिसत नाही. तेव्हा ज्याची आई मागच्या रांगेत बसते, त्याने जन्मभर अळणी जेवावं.