शॉकअपनं खाल्लं लोणी

“शामला, आजपासून नागपूर शहरात खड्डे नाहीत!”

भल्या सकाळी अंगणात उभं राहून मधुकररावांनी ही घोषणा केली, तेव्हा शामलाबाई म्हशीचं दूध काढत होत्या. म्हशीनं निदान मान वळवून पाहिलं. शामलाबाईंनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

“कोणं बुजवले जी?”

“कोणीच नाही! आहेत तिथंच आहेत. पण मले लागणार नाहीत!”

त्र्याऐंशी सालची गोष्ट. मनीषनगरात तेव्हा घरं कमी आणि तुराट्या जास्त. रस्ता मंजूर झाला होता, म्हणजे गिट्टीचे ढीग येऊन पडले होते. मधुकरराव सरकारी कचेरीत नकाशे उतरवून काढायचे आणि नकाशाला रोज हात लागतो म्हणून स्वतःला निम्मा इंजिनियर समजायचे. स्कूटरसाठी त्यांनी नंबर लावला होता, पण तो नातवाच्या नशिबी असावा असं शेजारी म्हणत. शेवटी त्यांनी स्कूटरची वाट पाहणं सोडलं आणि कबाड्याकडून तिचा एक अवयव तेवढा उचलून आणला. शॉकअप!

“भाऊ, सायकल को सायकल रहने दो ना!” कोपऱ्यावरचा सायकलवाला बाबूलाल कळवळून म्हणाला. पण मधुकररावांनी त्याला चहा पाजला आणि वेल्डिंग करवून घेतलंच. गादी आणि मागचं कॅरिअर एका लोखंडी पट्टीवर बसवलं, पट्टीखाली शॉकअप उभं केलं. वर आणखी एक अक्कल चालवली. शॉकअपच्या आतलं तेल ज्या भोकातून जातं, ते लहानमोठं करायला बाहेर एक चावी लावली. एका बाजूला रंगानं लिहिलं ‘मऊ’, दुसऱ्या बाजूला ‘कडक’.

“हे पाहा,” मधुकरराव बायकोला समजावू लागले. “आत स्प्रिंग आहे अन् तेल आहे. लहान खड्डा आला तं तेल त्या भोकातून आरामात जाते, गादी जराशी दबते. मोठा आला का सारं तेल एकदम घुसाले पाहते अन् अडकते. एस. टी.च्या दारात होते ना, तसं! म्हणजे जेवढा जोराचा धक्का, तेवढं ते जोरात अडवते. अन् स्प्रिंग परत उसळाले गेली, का तेल म्हणते, थांब गा, हळू!”

“हो का,” शामलाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात डबा दिला.

हा डबा रोजचाच. घट्ट झाकणाचा, वरून ओलं फडकं गुंडाळलेला, आत विरजलेली साय. कचेरीत वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, तिथं गारव्याला ठेवायचा म्हणून तो कॅरिअरला लटकवून न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. गेली दोन वर्षं मधुकररावांनी हे काम बिनतक्रार केलं होतं, कारण त्या सायीचं तूप त्यांच्याच पोळीवर पडायचं.

म्हैस मात्र त्यांची नव्हती. म्हणजे होतीही आणि नव्हतीही. सासरे चंपतराव नरखेडकडचे संत्र्याचे बागायतदार. त्यांनी ती लेकीला दिली, पण देताना सगळ्यांसमोर बजावलं होतं, “शहरच्या लोकाईले म्हैस झेपत नाही. दर होळीले मी येईन. पुरणपोळीवर घरच्या तुपाची धार दिसली तं म्हैस तुमची. डालडा दिसला का दावं सोडून घेऊन जाईन!”

चंपतराव बोलले म्हणजे करणारच. आणि शामलाबाईंचा त्या भुरीवर असा जीव, की नवरा जेवला का हे एकवेळ विसरतील, पण भुरीनं ढेप खाल्ली का, हे नाही.

शॉकअप मोठं झकास चाललं! गिट्टीवरून जाताना मधुकरराव पालखीत बसल्यासारखे डुलत जात. ओळखीचं कोणी दिसलं की मुद्दाम खड्ड्यातून वळण घेत. त्या आनंदात घरातलं शिल्लक तूप रोज खिचडीवर ओतून त्यांनी बरणीचा तळ गाठला.

इकडे शामलाबाईंचा चेहरा उतरत चालला. संध्याकाळी डबा उघडायच्या, आत डोकावायच्या आणि सुस्कारा टाकायच्या. होळी तोंडावर आली तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही.

“ते तुमचं यंत्र काढा जी.”

“काहून वं?”

“लोणी निघून नाही राहिलं!”

“त्याचा माह्या सायकलीशी काय संबंध?”

शामलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “माहा खांदा धरला तेव्हापासून मी रवी हातात घेतली नाही. तुमची सायकल गिट्टीवरून जाते, येते... डब्यात आपोआप लोण्याचा गोळा येते. तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही नेला नसता.”

मधुकरराव मटकन खाटेवर बसले. “म्हणजे दोन वर्षं मी गवळणीचं काम करून राहिलो होतो?”

“गवळणीचं नाही जी. रवीचं.”

त्यांना एवढं लागलं की रात्रभर ते भिंतीकडे तोंड करून पडले. पण म्हैस जाणार म्हटल्यावर शामलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही त्यांच्यानं पाहवलं नव्हतं. सकाळी उठून त्यांनी स्वतः रवी हातात घेतली. “यात काय आहे!” म्हणाले. पहिल्या झटक्याला दोरी तुटली, दुसऱ्याला मडकं कलंडलं आणि दोन दिवसांची साय शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरली. भुरी रवंथ करत सगळं पाहत होती.

“मले एक सांगा,” जमीन पुसता पुसता शामलाबाई म्हणाल्या. “पहिले खड्ड्यानं माही साय घुसळली जाये. आता तेच धक्के तुमच्या नळकांड्यातलं तेल घुसळते. बरोबर?”

मधुकरराव चाट पडले. महिनाभर ते साऱ्या कचेरीला शॉकअप समजावत होते, पण धक्का शेवटी जातो कुठं, हे त्यांना आत्ता, स्वतःच्या अंगणात समजलं.

“मंग कडक करा ना त्याले!” शामलाबाईंनी सुनावलं.

होळीचा दिवस उजाडला. शेवटची साय डब्यात भरून शामलाबाईंनी कॅरिअरला बांधली, चावी स्वतः ‘कडक’कडे फिरवली आणि नवऱ्याला वडिलांना आणायला एस. टी. स्टँडवर धाडलं. “बाबा आले म्हणून मऊ करान, तं पाहा!”

चंपतराव उतरले. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, बैलाला शोभेल असं अंग आणि सोबत संत्र्यांचं पोतं.

“जवाईबापू, रिक्षा पाहा.”

“रिक्षा कायले मामाजी?” मधुकररावांची जीभ पुन्हा सैल सुटली. “बसा मागं! एक धक्का लागला तं नाव बदलीन!”

बोलून गेले, आणि मग चावी आठवली. मऊ ठेवावं तर म्हैस जाते, कडक ठेवावं तर नाव जातं! त्यांनी मध्यममार्ग काढला. डांबरी रस्ताभर मऊ, आणि मनीषनगरचा फाटा आला की कडक. सासरे कॅरिअरवर बसले, पोतं मांडीवर घेतलं. शॉकअपनं लांब श्वास सोडला.

फाट्यापर्यंत चंपतराव खूश. “वा! खाटेवर बसल्यासारखं वाटून राहिलं!”

फाटा आला. मधुकररावांनी एक हात हळूच खाली नेऊन चावी आवळली. तेवढ्यात पहिला खड्डा आला. सासरे, पोतं आणि जावई, सगळ्यांचा भार एकदम त्या आवळलेल्या तेलावर पडला. फट्! आतलं रबरी वायसर फाटलं आणि सगळं तेल पिचकारीसारखं चंपतरावांच्या धोतरावर!

“अरे बापा! होळी आजच खेळता का गा?”

यापुढं राहिली नुसती स्प्रिंग. तिला ‘थांब, हळू’ म्हणणारं आत कोणी उरलं नाही. एका खड्ड्याला गादी पुन्हा पुन्हा उसळू लागली आणि ती शांत व्हायच्या आत पुढचा खड्डा येऊ लागला. चंपतराव वर गेले की पोतं खाली, पोतं वर गेलं की टोपी गायब!

“थांबवा जवाईबापू!”

“ब्रेक नाही लागून राहिला मामाजी! हात दांडीवर टिकतच नाही!”

“माही संत्री!”

संत्री टपाटप गिट्टीवर उड्या मारत होती. मागून चार माणसं ती वेचत, ‘होळीचा प्रसाद’ म्हणत धावत होती. सायकल थेट अंगणात शिरली आणि भुरीला टेकून थांबली.

चंपतराव उतरले तरी त्यांची मान हलत होती. “शामे!” ते कडाडले. “म्हैस सोड! आत्ताच नेतो! पायी नेतो, पण या माणसाच्या गाडीवर आता बसणार नाही!”

मधुकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. नावही गेलं आणि म्हैसही! शामलाबाई मात्र कोणाकडेच पाहत नव्हत्या. त्या डबा उघडत होत्या. आत ताकावर तरंगत होता नारळाएवढा लोण्याचा गोळा! असा गोळा दोन वर्षांत कधी निघाला नव्हता.

चुलीवर लोणी कढलं, घरभर वास सुटला आणि चंपतरावांची मान हलायची थांबली. ताटात पुरणपोळी आली, वरून वाटीभर तुपाची धार पडली. त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि दुसऱ्या पोळीसाठी ताट पुढं केलं.

“म्हैस राहू दे बापा,” शेवटी ते म्हणाले. “सुखात आहे.” मग पाठ चोळत त्यांनी जावयाकडे पाहिलं. “पण जाताना रिक्षा पाहा.”

दुसऱ्या दिवशी मधुकरराव नवं वायसर आणि तेलाची बाटली घेऊन सायकलीजवळ बसले, तो शामलाबाई समोर उभ्या. “तेलाचा एक थेंब आत गेला तं याद राखा!”

थेंब गेला नाही. उलट आठवडाभरात वस्तीतल्या वच्छलाबाईंचा डबा आला, मग रंभाबाईंचा. हँडलला दोन, कॅरिअरला दोन असे डबे लटकवून मधुकरराव उसळत कचेरीला जाऊ लागले. बाबूलालनं तर दुकानात येणाऱ्यांना सांगायला सुरुवात केली, की लोण्याची सायकल आपणच बनवली.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर मनीषनगरचा रस्ता डांबरी झाला. वस्तीनं पेढे वाटले. कचेरीतल्या आनंदरावांनी पेढा तोंडात टाकत म्हटलं, “झालं मधुकरराव! आता तुमच्याकडे एकही खड्डा नाही!”

मधुकररावांनी हातातला पेढा खाली ठेवला. इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “तुमच्याकडे आहे का जी एखादा?”