पवळाबाईचा उजळ रंग

एका जंगलात एकही झाड नव्हतं. हसू नका, बसा नीट, सांगतो. ते जंगल होतं समुद्राच्या तळाशी. तिथं झाडांसारखी दिसायची ती पोवळी. झाडं नव्हेत, जिवंत प्राणीच ते. पण एकदा बसले की जागचे हलत नाहीत, म्हणून बघणारा फसतो.

त्यातलीच एक पवळाबाई. तिच्या कातडीच्या आत हिरू नावाचं शेवाळ बिऱ्हाड करून होतं. एकटं नाही, सगळं गोत घेऊन. वरून ऊन झिरपलं की हिरूची चूल पेटायची, आणि रांधलेलं बहुतेक सगळं पवळाबाईच्या पोटात जायचं. हिरूचा रंग तपकिरी, म्हणून पवळाबाईही तपकिरी दिसायची. दोघींचं बरं चाललं होतं.

एके वर्षी पाणी तापलं. हिरूची चूल धुमसायला लागली, पवळाबाईच्या अंगाची आग व्हायला लागली. तिनं हिरूला फाडफाड बोलून घेतलं. हिरूनंही सुनावलं, की समुद्र काय मी तापवलाय?

नेमक्या त्याच वेळी लोंबकाकू तरंगत आल्या. या जेलीफिश, आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांना मेंदू नव्हता. निंदा नाही करत बाळांनो, जेलीफिशला तो खरंच नसतो. पाणी नेईल तिकडे जायचं आणि जाऊ तिथं सल्ला द्यायचा, एवढंच त्यांचं काम. तोंड एकच. जेवण त्यातून आत, आणि उरलंसुरलं बाहेरही त्यातूनच. त्यामुळे काकू बोलू लागल्या की ऐकणारे जरा मागं सरायचे.

काकू म्हणाल्या, "पवळे, असलं काळं बिऱ्हाड घरात ठेवल्यावर रंग उजळेल कसा? काढ बाहेर."

पवळाबाईनं काढलं. जाताना हिरू एवढंच म्हणाली, "पलीकडच्या खडकावर आहे, मालकीणबाई. भूक लागली की हाक मारा."

आणि काय सांगू, पवळाबाई पांढरीशुभ्र झाली. तिची कातडी मुळात काचेसारखी. आतली हाडं दिसत होती, तीच सगळ्यांना गोरी वाटली. लांबलांबचे मासे बघायला आले. काकूंनी सत्कार जाहीर केला. ते ऐकून शेजारच्या शेवंता पोवळीनं त्याच संध्याकाळी आपलं शेवाळ हाकललं. ती तर पवळाबाईपेक्षा उजळ निघाली.

इकडे पवळाबाईच्या पोटात कावळे ओरडायला लागले. रात्री बारीक हात बाहेर काढून ती पाण्यातलं काहीबाही पकडायची, पण त्यानं दाढ ओली होईना. कौतुकानं पोट भरतं का तेही तिनं बघितलं. भरलं नाही. मान टाकायची वेळ आली तेव्हा तिनं वरून तरंगत चाललेल्या काकूंना हाक घातली.

"सोस गं थोडं," काकू म्हणाल्या. "सत्कार तोंडावर आलाय."

"सत्काराला जेवण आहे का, काकू?"

"शाल आहे."

पवळाबाईनं जरा विचार केला. मग उरलंसुरलं बळ एकवटून तिनं पलीकडच्या खडकाकडे तोंड करून हिरूला हाक मारली. तोवर पाणीही निवत आलं होतं. हिरू आली, गोत आलं. टोमणा नाही, काही नाही. "चूल जुन्याच जागी मांडू ना?" एवढंच तिनं विचारलं.

पवळाबाई जेवली आणि पुन्हा तपकिरी झाली. काकूंनी तिला ओळख दाखवली नाही. सत्कार शेवंताचा ठरला.

भाषणं झाली. समुद्रगवताची शाल शेवंताच्या अंगावर घातली. ती हलली नाही की बोलली नाही. पवळाबाईनं हळूच हाक मारून बघितली. शेवंता भुकेनं केव्हाच मेली होती.

काकू गहिवरल्या. म्हणाल्या, "सत्कारमूर्ती असावी तर अशी. एवढं कौतुक झालं, पण तोंडातून एक शब्द नाही."

तात्पर्य : रांधून घालणाऱ्याला घरातून हाकलावे, रंग उजळतो. भूक लागली तर धीर धरावा. शाल येईपर्यंत तीही लागेनाशी होते.