हिरामावशीचा धक्का

पहिल्याच दिवशी हिरामावशीनं मला उठवलं. माझी बदली धरणापलीकडच्या शाळेत झाली होती. घोडेगावहून एसटीनं येऊन मी लाँचची वाट बघत दगडी धक्क्यावर बसले होते. काष्ट्याचं लुगडं नेसलेली एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली.

"बाई, ह्यो वाण्याचा ओटा हाये. इचारल्याबिगर बसू न्हाई."

मी इकडंतिकडं पाहिलं. वाणी नव्हता, दुकान नव्हतं. नुसत्या काळ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरत गेल्या होत्या.

उलगडा केला लाँचवाल्या शिवरामनं. धरणात गाव जाणार म्हटल्यावर लोकांनी घरांचे ओटे, उंबरे, जोती उखडून टेकाडावर आणून ठेवली. पुढं दोनतीन उन्हाळे खपून त्यांचाच हा धक्का रचला. मग माणसं पांगली. कुणी आळ्याला गेलं, कुणी पुण्याला. मावशी टेकाडावरच राहिली. कुठला दगड कुणाच्या घरचा, हे तिला तोंडपाठ. सुताराच्या पायरीवर कुणी थुंकलं, तर ती त्याच्याच रुमालानं पुसायला लावी. लाँचमध्ये मोटारसायकल चढवणाऱ्याला, पाटलाच्या दारातनं गाडी नेतोस होय, म्हणून खाली उतरवी. बुडालेल्या शाळेची पायरी तिनं माझ्यासाठी राखून ठेवली. मग मला दुसरीकडं कुठं उभंच राहू देईना.

तीन वर्षांमागं, दिवाळीनंतर, धरण काठोकाठ भरलेलं असताना, धक्का पाडून सिमेंटचा करायचं ठरलं. साहेब आले, ठेकेदार आला, जेसीबी आला. मावशी फडक्यात भाकरी बांधून घेऊन वरच्या पायरीवर जाऊन बसली. दगड खिळखिळे झालेत, नवा धक्का मजबूत होईल, असं साहेबांनी परोपरीनं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, त्यांना अर्धी भाकरी दिली आणि जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ठेकेदारानं पोलिसांचं नाव काढलं. मावशीनं सांगितलं, खुशाल बोलवा, फक्त बूट काढून यायला सांगा. ती बसली होती तो दगड देवळाचा होता.

चौथ्या दिवशी तिनं नकाशा मागितला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी समजावून सांगितला. नवा धक्का काठावर, एकाच उंचीचा होता. मावशी पहिल्यांदाच उठून उभी राहिली.

"सायेब, उन्हाळ्यात पानी कुठं जातं, बघितलंय का? ह्याच्या खाली आनखी चाळीस पायऱ्या हायेत. पानी उतरंल तशी एकेक कामाला येती. तुमच्या सिमेटावरनं मानसांनी काय उड्या मारायच्या?"

साहेबांनी शिवरामकडं पाहिलं. शिवराम चार दिवस कुणाच्याच बाजूनं बोलला नव्हता. आता मान खाली घालून म्हणाला, मावशी खरं बोलती.

नकाशा परत गेला. उन्हाळ्यात गवंडी आले आणि सैल सांध्यांत चुना भरू लागले. मावशी दिवसभर त्यांच्या डोक्यावर उभी. एकानं सुताराचा दगड पाटलाच्या जागी बसवला, तर सगळं काम थांबवून तिनं तो काढायला लावला. काम संपलं त्या दिवशी तिनं सगळ्यांना चहा पाजला आणि पुन्हा इकडं फिरकू नका, असंही सांगितलं.

त्याच आठवड्यात ती माझ्याबरोबर लाँचमध्ये बसली. मी सहज विचारलं, एवढ्या दगडांत तुमच्या घरचा कुठला? तिनं ऐकलं नाही असं केलं. धरणाच्या मध्यावर, बुडालेल्या गावाच्या वर आल्यावर शिवरामनं मशीन बंद केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लाँचमधली माणसंही सवयीनं गप्प झाली.

"आमचं काढायचं ऱ्हाऊन गेलं," मावशी हळूच म्हणाली. "मालक तापानं पडलं व्हतं. तवर पानी आलं."

तिनं वाकून मनगटापर्यंत हात पाण्यात घातला.

"दार लावून आल्ये का न्हाई, तेवढं ध्यानात न्हाई, बाई."