मुंगी चावल्यासारखं

डॉ. प्रमोद खंदारे यांना करुणाच्या पत्राची आठवण नेमकी ऑपरेशनच्या वेळी यायची. पत्र आलं होतं शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात. त्यांनी सेनगावात दवाखाना टाकला त्याला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. औरंगाबादच्या मेडिकल कॉलेजात करुणा त्यांच्या वर्गात होती. पुढं ती भूलतज्ज्ञ झाली, हे सर्जन झाले. अकोल्याहून तिनं लिहिलं होतं, "तू दवाखाना काढलास असं कळलं. सेनगावला भूल द्यायला कोणी आहे का? नसेल तर मी येऊ का?"

प्रश्न इतका सरळ होता की डॉक्टर घाबरले. ही कामाची चौकशी म्हणायची की आयुष्याची? कामाची असली आणि आपण भलतंच समजून बसलो तर? आयुष्याची असली आणि आपण पगाराचं लिहून बसलो तर? त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. 'प्रिय' लिहिलं की कान तापायचे. 'स. न. वि. वि.' लिहिलं की तहसीलदाराकडे अर्ज केल्यासारखं वाटायचं. माणसाचं पोट उघडताना ज्याचा हात कापत नसे, तो मायन्याशीच अडला. अडला तो अडलाच. दरम्यान त्यांनी कपाटभर पुस्तकं वाचली, पण अशा प्रश्नाला काय लिहावं ते एकाही पुस्तकात सापडलं नाही.

दवाखाना मात्र चालला. बैलानं शिंग मारलेले, मळणी यंत्रात बोटं गेलेले, अपेंडिक्सवाले, गळूवाले, सगळे साखरा-गोरेगावकडून जीपनं यायचे. पाठीतलं भुलीचं इंजेक्शन डॉक्टर स्वतःच द्यायचे आणि देताना प्रत्येकाला म्हणायचे, "डरू नका. मुंगी चावल्यासारखं वाटेल." मग पेशंटच्या उशाशी भिवाजी कंपाउंडर उभा राहायचा आणि त्याचा हात धरून सोयाबीनच्या भावावर बोलत राहायचा. काम करता करता डॉक्टरांनी मान वर केली, की हिरव्या कापडाच्या पलीकडे भिवाजीच्या मिशा दिसायच्या. दर वेळी त्यांना वाटायचं, इथं दुसरं कोणी असतं.

अशी वर्षं गेली. दोन हजार तीनच्या हिवाळ्यात एक औषध कंपनीचा माणूस सहज बोलून गेला, "उद्या हिंगोलीला ऑपरेशनचं शिबिर आहे साहेब. भूल द्यायला अकोल्याच्या करुणा मॅडम येताहेत. संध्याकाळच्या गाडीनं परत."

डॉक्टरांनी त्या रात्री दाढी केली. सकाळी पुन्हा केली. नऊच्या एसटीनं गुपचूप हिंगोली गाठायची असं त्यांनी ठरवलं. अडचण होती ती भिवाजीची. दवाखाना आजवर कधी बंद राहिला नव्हता. औषधं आणायला जातो म्हणावं तर भिवाजी म्हणणार, मी आणतो. बाईला भेटायला जातो म्हणावं, तर ते म्हणण्यापेक्षा स्वतःचा पाय कापून घेतलेला बरा. म्हणून ते म्हणाले, "भिवाजी, आज दवाखाना बंद. माझं पोट दुखतंय."

"कुठशीक?" भिवाजीनं विचारलं.

आता डॉक्टरांना खोटं बोलायची सवय नव्हती. जे काही खोटं येत होतं ते पुस्तकातलं. "रात्री बेंबीपाशी होतं," ते म्हणाले, "आता उजवीकडे खाली सरकलंय. मळमळतंय थोडं."

भिवाजीचा चेहरा पांढरा पडला. ही कहाणी त्यानं शेकडो पेशंटच्या तोंडून ऐकली होती. "साहेब, ही तर अपेंडिक्स! तुमी हालू नका. पानी बी पिऊ नका."

"अरे, तसं काही नसेल..."

"समदे असंच म्हनतात. तुमीच सांगता ना, पेशंटच्या म्हनन्यावर जाऊ नको म्हनून?"

भिवाजीनं डॉक्टरांना त्यांच्याच दवाखान्यातल्या खाटेवर झोपवलं, समोरचा चहा उचलून स्वतः पिऊन टाकला आणि हिंगोलीच्या डॉ. शंकरसिंगांना फोन लावला. डॉ. शंकरसिंग हे डॉक्टरांचे मित्र, तेही सर्जन, आणि आवाज इतका मोठा की फोनमधून खोलीभर ऐकू यावा. "घेऊन ये लगेच! मी सगळी तयारी करतो!"

तासाभरात बातमी बाजारभर झाली. आजारी माणसाला भेटायला जायचं, आणि तेही रिकाम्या हातानं नाही, हा इकडचा रिवाज. डॉक्टरांनी आजवर ज्यांना ज्यांना कापलं होतं, ते सगळे केळी, नारळ आणि धीर घेऊन दारात उभे राहिले. सगळ्यांत पुढे भिकाबाई. त्यांचं अपेंडिक्स डॉक्टरांनीच काढलं होतं.

"डॉक्टरसाब, डरू नका," डॉक्टरांच्या कपाळावरून हात फिरवत भिकाबाई म्हणाल्या. "मुंगी चावल्यासारखं वाटंल."

"हो," डॉक्टर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मला बी आदुगर लई भ्याव वाटलं व्हतं. काईच न्हाई वो त्याच्यात!"

"आन् तिसऱ्या दिशी भाकर खाता येती," मागून कोणीतरी म्हणालं.

त्या गर्दीत साखऱ्याचा मेंढपाळ नामाजीही होता. त्याला अंतरगळ होता. जोर लावला की जांघेत आतडं खाली उतरायचं आणि लिंबाएवढी गाठ यायची. ऑपरेशन करून घे, असं डॉक्टर त्याला दोन वर्षं सांगत होते आणि नामाजी दर वेळी मेंढ्यांचं निमित्त काढून पळत होता. आज तोही धीर द्यायला आला होता. "आपरेशनला काय भ्यायचं, साब? मर्दानं भिऊ नाही," तो म्हणाला. 

खरं सांगून टाकावं असं त्यांना दोनदा वाटलं. पण भिकाबाई रडत होत्या, आणि नवस बोलणारे तो बोलूनही मोकळे झाले होते. शिवाय जीप जाणार होती ती हिंगोलीलाच. तिथं उतरलं की बघता येईल.

जीप प्रेमसिंगची. भरल्याशिवाय ती सेनगाव सोडत नसे, आणि पेशंट असला म्हणून नियम बदलायचं कारण नव्हतं. डॉक्टरांना मधल्या सीटवर आडवं केलं. त्यांचं डोकं भिकाबाईंच्या मांडीवर, पाय भिवाजीच्या मांडीवर, आणि पोटावर केळ्यांचा घड. बाकी भेटायला आलेले मागे आणि टपावर. वाटेत जीप बंद पडली.

"उतरा समदे! धक्का लागंल!" प्रेमसिंग ओरडला.

"मी पण उतरतो," डॉक्टर उठू लागले.

"झोपा!" सगळे एकदम म्हणाले.

नामाजीनं सगळ्यांत जास्त जोर लावला. त्याला डॉक्टरांसाठी काहीतरी करायचं होतं. जीप सुरू झाली. नामाजी गुपचूप मागे जाऊन बसला आणि मग हिंगोलीपर्यंत एक शब्द बोलला नाही. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष डॉक्टरांच्या पोटाकडे होतं.

डॉ. शंकरसिंगांनी पोट दाबून पाहिलं. "दुखतंय?"

"नाही."

"सोडताना?"

"नाही. शंकरसिंग, ऐक, मला काहीच..."

"ये हमेशा का है!" शंकरसिंग गरजले. "कॉलेजात ताप असला तरी हा सांगायचा नाही. आणि आता म्हणे दुखत नाही!"

"लई लाजाळू हायत वो ते," भिकाबाईंनी साक्ष दिली.

"घ्या आत. नशीब बघ लेका तुझं, आज गावात फर्स्ट क्लास भूलतज्ज्ञ आहे. शिबिरातून उचलून आणतोय तिला."

डॉक्टर काय समजायचं ते समजले, आणि त्यांचं पोट त्या दिवशी पहिल्यांदाच खरोखर दुखलं.

पाठीमागे नाड्या असलेला पेशंटचा हिरवा झगा घालून ते टेबलावर पडले होते, तेव्हा दार उघडलं. करुणाच्या केसांत पांढरं आलं होतं. चालणं तेच, घाईचं. केस कोणाची आहे हे शंकरसिंगांनी तिला सांगितलं नसावं. ती क्षणभर थांबली, मग स्टूल ओढून उशाशी बसली आणि शांतपणे विचारू लागली.

"सकाळपासून काही खाल्लंय?"

"नाही. भिवाजीनं चहासुद्धा..."

"कुठल्या औषधाचा त्रास?"

"नाही."

"सेनगावला पत्रं पोचतात का?"

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. "पोचतात."

"बरं." तिनं त्यांची नाडी धरली. "खरंच दुखतंय?"

"नाही."

"मग इथं कशाला झोपलायस?"

"तू आज येणार असं कळलं. मी एसटीनं येणार होतो. पण मग हे सगळं..."

करुणानं तोंडावरचा मास्क घट्ट दाबून धरला. तिचे खांदे हलत होते. हसते आहे की काय, ते डॉक्टरांना नीट दिसेना, आणि चष्मा भिवाजीकडे होता. त्यांनी सगळा धीर एकवटला. "करुणा, ते पत्र..."

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. नामाजी बाकावरून खाली कोसळला होता. जांघेतली गाठ मोसंबीएवढी झाली होती, दगडासारखी घट्ट, आणि तो तिला हात लावू देत नव्हता. आतडं अडकलं होतं. वेळ गेला असता तर ते काळं पडून जीवावर बेतलं असतं. टेबल तयार होतं, दिवे लागलेले होते, भूलतज्ज्ञ हजर होती. डॉक्टर टेबलावरून उठले, भिवाजीकडून चष्मा घेऊन मागच्या नाड्या एका हातानं सावरत बेसिनशी गेले आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागले.

दारातून डोकावणाऱ्या भिकाबाई म्हणाल्या, "अगो बाई! ह्येंचं झालं बी?"

नामाजीला आत आणलं. टेबल पाहून त्याचा मर्दपणा पार उतरला. "साब, माझ्या मेंढ्या उघड्यावर हायत! मी उद्या येतो!"

"डरू नका," करुणा सुई उचलत म्हणाली. डॉक्टर पुढचं वाक्य म्हणणार तोच ती म्हणाली, "मुंगी चावल्यासारखं वाटेल." हे वाक्य कॉलेजात दोघांना एकाच सरांनी शिकवलं होतं. ते तिचंही आहे हे आपण विसरून गेलो होतो, हे डॉक्टरांना आत्ता कळलं.

सुई पाठीतली होती, त्यामुळे कमरेखाली नामाजी बधिर आणि वर टक्क जागा. डॉक्टरांनी गाठ उघडली. आतड्याचा वेढा जांभळा-काळा दिसत होता. त्यांनी फास मोकळा केला, कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात वेढा गुंडाळला आणि हात थांबवले. आता फक्त वाट बघायची. रंग परत आला तर ठीक, नाही तर तेवढा भाग कापायचा. डॉक्टरांनी मान वर केली. कापडाच्या पलीकडे करुणा होती. बाटलीकडे बघत, पेशंटच्या कपाळावर एक हात ठेवून बसलेली. इतकी वर्षं त्यांनी ती जागा अशीच मनात मांडून ठेवली होती, फक्त स्टूल थोडं डावीकडे.

"बाई," नामाजी म्हणाला, "तुमचा हात लई हलका हाय. आमच्या सेनगावला काहून येत न्हाई तुमी?"

"तिथं भूल द्यायला कोणी नाही का?"

"कुटं? साबच सुई देतात, आन् भिवाजी सोयाबीनचं सांगून डोस्कं खातो. तुमी या."

"तुमच्या साहेबांनी बोलवायला पाहिजे ना."

"ते कशाचं बोलावतात! स्वताच्या पोटात दुखून राहिलं तरी बोलंनात. त्येंच्या भरवशावर राहू नका बाई, मीच सांगून राहिलो, या."

डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं. पण हातात आतडं होतं. त्यांनी कापड उघडलं. काळा रंग ओसरला होता आणि कडेनं गुलाबी चढत होता, पहाटेसारखा हळूहळू. "आलं परत," ते म्हणाले. कापडाच्या पलीकडून करुणानं सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला.

टाके घालून होईपर्यंत शिबिराची गाडी तिला न्यायला दारात आली. अजून ऑपरेशनं राहिली होती, आणि मग संध्याकाळची गाडी. हातमोजे काढता काढता ती म्हणाली, "टाके अजून सुबक घालतोस."

"करुणा, मी स्टेशनवर..."

"तू इथंच थांब. त्याच्यावर आज रात्रभर सर्जनची नजर हवी." दारात ती वळली. "माझा पत्ता बदललेला नाही. नावही तेच आहे."

संध्याकाळी नामाजीची नाडी धरून बसले असताना त्यांना गाडीची शिट्टी ऐकू आली. शिट्टी विरेपर्यंत त्यांनी नाडी मोजली, पण आकडा काही लक्षात राहिला नाही. मग त्यांनी शंकरसिंगांच्या टेबलावरचं एक आंतरदेशीय पत्र घेतलं. मायना सुचला नाही, तर तो तसाच सोडून दिला. लिहिलं एवढंच, "भूल द्यायला कोणी नाही. कधीच कोणी नव्हतं. ये. प्रमोद."

सकाळी नामाजी खणखणीत शिव्या देत होता, म्हणजे बरा होता. त्याला शंकरसिंगांच्या हवाली करून सगळे जीपमध्ये बसले. पोस्टाजवळ आल्यावर डॉक्टर म्हणाले, "प्रेमसिंग, थांब जरा. पत्र टाकायचंय."

ते लाल पेटीपुढे उभे राहिले. हात फटीपर्यंत गेला आणि थांबला. 'ये' फार आगाऊ वाटेल का? 'यावे' बरं होतं का? आतडं तर नामाजीचं परत आलं, आपलं काय? जीप पुन्हा बंद पडली होती आणि तिच्यातले सगळे बघत होते.

"काय झालं वो? पोट दुखून राहिलं का पुन्हा?" भिवाजी ओरडला.

भिकाबाई गुडघ्यावर हात देत खाली उतरल्या. डॉक्टरांजवळ आल्या. पत्र कोणाला, कशाचं, त्यांनी काही विचारलं नाही. हाताचा कंप ओळखायला त्यांना तेवढ्याची गरज नव्हती. स्वतः टेबलावर पडलेल्या असताना त्यांचाही हात असाच कापत होता.

"डरू नका डॉक्टरसाब," त्या हळूच म्हणाल्या. "मुंगी चावल्यासारखं वाटंल."

डॉक्टरांनी पत्र सोडलं. पेटीच्या तळाशी बारीकसा आवाज झाला.

"चावली का?" भिकाबाईंनी विचारलं.

"चावली," डॉक्टर म्हणाले, आणि जीपला धक्का द्यायला सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले.