उडण्याआधी अण्णा

आमचे चुलते अण्णा कुणाच्याही लग्नात जेवायला बसण्याआधी खुर्ची उलटी करतात आणि तिचे पाय हलवून बघतात. एकदा तर त्यांनी नवरदेवालाच उठवलं होतं. "आधी बगायचं, मग बसायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःच्या सदऱ्याचं बटण मात्र कायम भलत्याच काजात.

असा माणूस माझ्या धंद्यात आला. कुरुंदवाडच्या शिवारात मी उसावर ड्रोनने औषध फवारतो. म्हणजे बांधावर उभा राहून दोन अंगठे हलवतो. पण काळा चष्मा लावतो आणि गावाने मला पायलट म्हणावं अशी अपेक्षा ठेवतो. प्रत्येक उड्डाणाआधी अण्णा पाती फिरवणार, स्क्रू चाचपणार, बॅटरीचा वाससुद्धा घेणार. तोवर ऊस आणखी पेरभर वाढतो.

खंडेनवमीला अण्णांनी ड्रोन नीट तपासला. मग त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि झेंडूचा हार घातला. हार ही काही तपासायची वस्तू नव्हे, याबद्दल आम्हा दोघांचं एकमत होतं. माझ्या सासुरवाडीची मंडळी मुद्दाम बघायला आली होती. फोटो झकास येईल म्हणून मी हारासकट ड्रोन उडवला.

तो डोक्याच्या वर गेला, हाराचा दोरा पात्यात गुंडाळला गेला आणि माझं विमान थेट माझ्याच अंगावर आलं. मी चष्म्यासकट पाटात आडवा. ड्रोन शेजारी आपटला. सगळे ड्रोनकडे धावले, माझे सासरेही. अण्णा एकटे माझ्याकडे आले. चिखलात बसून त्यांनी माझं एकेक बोट हलवून बघितलं, मान वळवून बघितली.

"अण्णा, पातं मोडलं," मी म्हणालो.

"मोडू दे की! पातं दुकानात मिळतंय. तुला कुठनं आणू?"

तेव्हापासून ड्रोनच्या आधी माझी तपासणी होते. मी हात पसरून बांधावर उभा राहतो आणि तण भांगलणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसतात. परवा मी वैतागून विचारलं, "आणि तुम्हाला कोण तपासतंय?"

"तुझी काकी बगायची की," अण्णा सहज म्हणाले. "ती हुती तवर. भाईर पडताना, दारातच. आता कोन हाय?"

मला फार वाईट वाटलं. मी चष्मा काढला, त्यांच्या सदऱ्याची बटणं सोडली आणि वरपासून एकेक नीट लावू लागलो. अण्णा हात पसरून उभे राहिले.